तीन मिनिटं बर्फात, चार सेकंद आवाजात

बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून ते तीन मिनिटं बसले. शेवटी मलाच 'थांबा' म्हणावं लागलं. टॉवेलने हात पुसत त्यांनी विचारलं, "मॅडम, एवढंच? मला वाटलं काहीतरी अवघड असेल."

मी मानसोपचार करते; माणूस मनातलं नकोसं किती टाळतो ते बघायची ही एक चाचणी होती. मी वहीत लिहिलं: १८० सेकंद, पूर्ण. पुढे 'टाळाटाळ कमी?' असं प्रश्नचिन्हासकट. त्या दिवशी ते प्रश्नचिन्ह मी फारसं मनावर घेतलं नाही. प्रकरण सविस्तर लिहून काढायचं कारण तेच.

आधी एक खुलासा. ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत आणि एकसारख्या दोन प्रकरणांचे धागे एकत्र केले आहेत.

वय ४४, राहायला कोपरखैरणे, रबाळे एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. कारखान्यात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. तक्रार झोपेची आणि पित्ताची. एन्डोस्कोपीत काही निघालं नाही, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी ठाण्याला, नौपाड्यात माझ्याकडे पाठवलं. सोबत वहिनी होत्या. भाऊंनी पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं: झोप येत नाही, बाकी मस्त. वडील दीड वर्षापूर्वी वारले, वय झालं होतं, त्याचं काही नाही. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "यांना काही होतच नाही, हीच माझी तक्रार आहे."

इतकी नेमकी तक्रार क्वचितच ऐकायला मिळते.

वडील माथाडी. साताऱ्याकडचं गाव सोडून मसजिद बंदरला आले आणि बाजार वाशीला हलला तेव्हा त्याच्या मागोमाग इकडे. पाठीवर पोती वाहून त्यांनी घर उभं केलं. त्या घरात 'दुखतंय' म्हणणाऱ्याचं कौतुक होत नसे. भाऊ लहानपणी सायकलवरून पडले, हाताचं हाड मोडलं, आणि संध्याकाळी वडील येईपर्यंत ते रडले नाहीत. ही गोष्ट घरात अजून अभिमानाने सांगितली जाते. आपल्याकडे 'सोसणं' हा गुणच आहे. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत लिहून घेतली आणि तिचा उपयोग मात्र दीड महिन्याने केला.

मला शोधायचं होतं ते असं. मनात येणाऱ्या नकोशा गोष्टी, म्हणजे आठवण, भीती, अपराधीपणा, छातीतली धडधड, यांच्यासोबत थांबायची तयारी नसणं आणि नुकसान होत असूनही त्यांना पळवून लावायची धडपड करत राहणं. स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही कल्पना अनेक विकारांच्या मुळाशी असलेला समान धागा म्हणून मांडली. पाठ्यपुस्तकी मराठीत 'अनुभव-परिहार' म्हणता येईल. मी 'आतलं टाळणं' म्हणते, कारण परिहार म्हटल्यावर समोरच्याला पत्रिका आठवते.

हे मोजायचा सोपा मार्ग प्रश्नावलीचा. सर्वांत जास्त वापरात असलेली सात विधानांची आहे, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ७ ते ४९. बेरीज जितकी जास्त तितकं टाळणं जास्त, असं धरतात. भाऊंची बेरीज १३ आली, माझ्याकडे येणाऱ्यांत फार कमी. पण या प्रश्नावलीवर जुना आक्षेप आहे. तिची विधानं टाळण्यापेक्षा त्रासच जास्त मोजतात, असं मार्टिन वोल्गास्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे 'मला भावनांची भीती वाटते' याला कोण हो म्हणेल? ज्याला ती भीती जाणवते तो. जो तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणून मोकळा होतो. टाळण्यात जो तरबेज, त्याला टाळण्याबद्दल विचारणं हा प्रकार थोडा विनोदीच आहे.

म्हणून कृतीच्या चाचण्या. माणसाला काय वाटतं ते विचारायचं नाही, त्याला थोड्या त्रासात ठेवायचं आणि तो काय करतो ते बघायचं.

थंड पाण्याची चाचणी यांतली सर्वांत जुनी. १९३२ मध्ये मेयो क्लिनिकच्या हाइन्स आणि ब्राऊन यांनी ती रक्तदाबाची प्रतिक्रिया तपासण्यासाठी मांडली. वेदनेचा आणि सहनशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी ती नंतर आपलीशी केली. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. जांभळी नाक्यावरून बर्फ, थर्माकोलचा मासळीचा खोका, स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि माशांच्या टाकीतला छोटा पंप, एवढी सामग्री. पंप लागतोच. पाणी स्थिर राहिलं तर हाताभोवतीचं पाणी कोमट होतं आणि माणूस उगाच शूर ठरतो. पाणी ४ अंशांवर. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा थंडीने बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल तर ही चाचणी करायची नाही. भाऊंच्या डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलं होतं. कमाल मर्यादा तीन मिनिटांची, ती त्यांना सांगितली नव्हती.

बाकीच्या दोन पटकन सांगते. संगणकावर एकामागून एक आकडे येतात, प्रत्येक नवा आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवायचा, वेग वाढत जातो, चुकलं की कर्कश आवाज, आणि 'सोडा' असं बटण कायम समोर. मूळ चाचणी न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांची, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी. वैताग सहन करण्याच्या मोजमापासाठी ती पुढे बदलून घेतली गेली. भाऊ शेवटपर्यंत गेले, चुका भरपूर, बटणाला हात नाही. श्वास रोखून धरणं: ७० सेकंद. लहानपणी गावच्या नदीत पोहायचे म्हणे. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांत जे श्वास जास्त वेळ रोखू शकतात ते सोडण्यात जास्त यशस्वी होतात, असं १९८७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं; तेव्हापासून ही साधी चाचणी टिकून आहे.

तर प्रश्नावली म्हणते टाळत नाही, बर्फ म्हणतो टाळत नाही, आकडे आणि श्वास तेच म्हणतात. प्रश्नावल्या आणि कृतीच्या चाचण्या यांचा एकमेकींशी फारसा मेळ बसत नाही, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. इथे तर चौघींचं एकमत झालं होतं. अहवालाचा मसुदा मी तयार केला. 'नकोशा अनुभवांप्रती सहनशीलता उत्तम, झोपेच्या सवयींवर काम करावं.' हा कागद मी अजून ठेवला आहे.

तो पाठवायच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. वेगळ्याच कामाचा, पावतीचा. बोलता बोलता म्हणाल्या, "तो जुना फोन यांनी काल परत चार्ज केला. दर महिन्याला करतात. चार्ज करतात आणि बंद करून कपाटात ठेवतात."

कारखान्यात ज्वलनशील द्रव्यं असल्याने मोबाइल आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. वडील गेले त्या रात्री भाऊ पाळीवर होते. सकाळी लॉकर उघडला तर घरचे मिस्ड कॉल, आणि त्या सगळ्यांच्या खाली रात्री साडेदहाचा वडिलांचा व्हॉइस मेसेज. ४७ सेकंदांचा. भाऊंनी तो ऐकलेला नाही. नवा फोन घेतला तेव्हा दुकानदाराने सगळं नव्यावर टाकून देतो म्हटलं, तर हे नको म्हणाले.

टाळणं आणि जपणं एकाच कपाटात.

पुढच्या भेटीत मी विचारलं तेव्हा भाऊ हसले. "ते होय. राहून गेलंय ऐकायचं." दीड वर्षं राहून गेलं होतं. मी विचारलं, याचीच एक चाचणी करू का? घडी घातल्यासारखं उत्तर आलं: "करा की."

या प्रकारची चाचणी मुळात भीतीच्या अभ्यासातून आली आहे. १९६३ मध्ये लँग आणि लाझोविक यांनी सापाला भिणाऱ्यांना पिंजऱ्यातल्या निर्विष सापाच्या किती जवळ जाता येतं ते मोजलं: दारापाशी थांबला, काचेपाशी गेला की हात लावला. मी पायऱ्या बांधल्या त्या अशा. बंद फोन टेबलावर, हातात, चालू, वडिलांचं नाव शोधणं, संभाषण उघडणं, मेसेज चालू करणं आणि जमेल तितका ऐकणं. कुठेही थांबायची मुभा, कारण विचारलं जाणार नाही. प्रत्येक पायरीला त्रासाचा आकडा ० ते १००. आणि दोन नोंदी माझ्याकडच्या: त्या वेळात ते काय करत होते, आणि 'पुन्हा कराल का?' याचं उत्तर.

हा शेवटचा प्रश्न मी २००४ च्या एका प्रयोगातून उचलला आहे. पॅनिकचा विकार असलेल्या ६० जणांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासावाटे दिली गेली. तिने धाप आणि घबराट येते. काहींना आधी आतल्या अनुभवाला जागा द्यायला सांगितलं होतं, काहींना तो दाबायला, काहींना काहीच नाही. जागा देणाऱ्यांना घबराट कमी वाटली, आणि पुन्हा एकदा ती हवा घ्यायला तेच जास्त तयार होते. किती वेळ टिकलात यापेक्षा परत याल का, हा प्रश्न मला जास्त बोलका वाटतो. बर्फानंतर भाऊंना विचारलं होतं तेव्हा उत्तर होतं, "कितीही वेळा."

फोन टेबलावर ठेवला. हातात घेतला. चालू केला. पहिल्या चार पायऱ्या मिनिटाच्या आत. संभाषण उघडलं तेव्हा अंगठा थोडा थांबला. मग मेसेज चालू झाला आणि खोलीत एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला: "आरं, हायेस का कामावर..." बस्स. भाऊंनी बंद केला. उभे राहिले, वर पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या पंख्याचा आवाज येतोय. बेअरिंग गेलंय. स्टूल आहे का?"

चार सेकंद. त्रासाचा आकडा विचारला तर म्हणाले २०. कपाळावर घाम होता. पुन्हा कराल का? "आज नको. पुढच्या खेपेला." पुढची खेप त्यांनी रद्द केली, त्याच्या पुढचीही. दोन्ही वेळा कारण खरं होतं, पाळी बदलली होती. मी त्या दोन्ही रद्द झालेल्या वेळा चाचणीच्याच पानावर लिहून ठेवल्या.

इथे कुणी म्हणेल, आणि मीही स्वतःला म्हटलं, की मेलेल्या बापाचा आवाज कुणाला ऐकवतो? यात विकार कुठला? हरकत रास्त आहे. एखादी गोष्ट न ऐकणं हा माणसाचा हक्क आहे, आणि दुःखाला मी आजार म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की या न ऐकण्याची किंमत कुठे चुकवली जाते. ती कळली मुलाकडून. मुलगा पुण्यात हॉस्टेलला. आजकालच्या पोरांसारखा तोही टाइप न करता व्हॉइस मेसेज पाठवतो. भाऊ ते ऐकत नाहीत. 'लिहून पाठव' एवढंच उत्तर देतात. आम्ही एका आठवड्याची नोंद ठेवली: मुलाचे ११ मेसेज, ऐकलेले शून्य. पोरगा आता बाबांना कमी आणि आईला जास्त पाठवतो. भाऊ रात्रभर टीव्ही चालू ठेवतात, कारण शांततेत झोप येत नाही म्हणे. रविवारी जादा पाळी मागून घेतात. एक आवाज टाळायला माणूस किती आवाज गोळा करतो.

पडताळा म्हणून माझ्या खोलीत त्यांना कारखान्यातल्या सहकाऱ्याचा एक लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकायला लावला, व्हॉल्व्हच्या दुरुस्तीबद्दलचा. सगळा ऐकला, आकडा शून्य. मुलाचा लावला: नऊ सेकंद, मग बंद. म्हणजे अडचण व्हॉइस मेसेजची नव्हती. जवळच्या माणसाचा आवाज, आणि त्याला आपण वेळेवर उत्तर दिलं नाही ही टोचणी, इथे गाठ होती.

आता मला तो बर्फ छळायला लागला. तिथे १८० आणि इथे ४, हा एकच माणूस? मी विचारलं, "त्या दिवशी पाण्यात हात होता तेव्हा मनात काय चाललं होतं?"

"स्टेशनं मोजत होतो," भाऊ म्हणाले. "ठाणे, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरुळ... असं पनवेलपर्यंत. मग परत ठाणे. ही माझी जुनी युक्ती आहे. दाढ काढली तेव्हा पण हेच केलं."

हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. घड्याळाला फक्त हात पाण्यात आहे की नाही एवढंच कळतं. मन पनवेलला गेलेलं त्याला दिसत नाही.

म्हणून बर्फ पुन्हा आणला. तोच खोका, तेच ४ अंश, सूचना मात्र वेगळी: मोजायचं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं नाही, दात आवळायचे नाहीत. हाताला काय होतंय ते बारीक आवाजात मला सांगत राहायचं. दुखायला लागलं तर ते कुठे, कसं, तेही सांगायचं. थांबायचं तेव्हा थांबा. भाऊ म्हणाले, "मुंग्या... आता हाड दुखतंय... अंगठ्याच्या मुळाशी... हे वर चढतंय..." आणि ६४ व्या सेकंदाला हात बाहेर. आकडा ७५. पहिल्या वेळी त्यांनी ३० सांगितला होता.

हे वाचून कुणी असा निष्कर्ष काढू नये की लक्ष दिलं की वेदना वाढते, मग लक्ष न देणंच बरं. दाढ काढताना स्टेशनं मोजावीत, मीही मोजीन. तीन मिनिटांच्या, बाहेरून संपणाऱ्या दुखण्याला ती युक्ती पुरते. जे दुखणं रोज रात्री साडेदहाला येतं त्याला पनवेल पुरत नाही. मग टीव्ही लागतो, रविवारची पाळी लागते, मुलाचा आवाज बंद करावा लागतो. भाऊंचं सोसणं आणि त्यांचं टाळणं ही एकच क्रिया होती, आणि माझ्या पहिल्या फेरीतल्या चाचण्या सोसण्याला गुण देत होत्या.

पुढच्या कामाचं वर्णन थोडक्यात, कारण त्यात नवीन काही नाही. आठवड्याला एक भेट, एकूण नऊ. सुरुवात मुलाच्या मेसेजपासून, कारण तिथे आयुष्य अडलं होतं आणि तिथली पायरीही बुटकी होती. मग जुना फोन. प्रत्येक वेळी त्याच पायऱ्या, तीच वही. ४ सेकंद, ४, ११, ६ (त्या आठवड्यात वर्षश्राद्धावरून घरात बोलणं झालं होतं), १९, आणि सातव्या भेटीत सगळे ४७. इयरफोन नको म्हणाले, मोठ्याने लावला.

पहिले १९ सेकंद नळाबद्दल होते. मोरीतला नळ गळतोय, येताना वायसर आण, अर्ध्या इंची. मग निरोप संपला, पण म्हाताऱ्याला बटण सोडायचं कळलं नाही. पुढचे सेकंद खोकला, बातम्यांचा आवाज, खुर्ची सरकवल्याचा आवाज. भाऊ आधी हसले. मग बराच वेळ रडले. दीड वर्षं त्यांना वाटत होतं की त्यात 'छातीत दुखतंय, ये' असं असणार.

आकडा विचारला तर ८०. आणि पुन्हा कराल का? "आत्ता लावू?"

शेवटच्या भेटीत प्रश्नावली परत भरून घेतली. बेरीज १३ वरून २६ झाली होती. नुसत्या कागदावर पाहिलं तर माझ्याकडे येऊन माणूस बिघडला. मुलाचे त्या आठवड्यातले मेसेज ८, ऐकलेले ७. झोपेची वही सुधारली होती, पण पूर्ण नाही. पित्त तसंच, त्याबद्दल मी काही दावा करणार नाही.

या मोजमापात कच्चे दुवे आहेत आणि ते मला माहीत आहेत. चाचणी घेणारी मीच, उपचार करणारीही मीच. माझ्या समोर कुणाला लवकर हात काढावासा वाटत नाही, हेही एक मोजमाप बिघडवणारं कारण. तोच मेसेज सात वेळा ऐकला की सवयीने सेकंद वाढतात. दुसऱ्या बर्फाच्या वेळी नुसती सूचना बदलली असं म्हणते, पण तोवर भाऊ माझ्याशी मोकळे झाले होते, तेही बदललंच होतं. आणि जुन्या फोनची गोष्ट एका पावतीच्या फोनमुळे कळली, ही काही पद्धत नव्हे. आता मी पहिल्या भेटीतच घरच्यांना वेगळं विचारते: घरात अशी कुठली वस्तू, जागा किंवा वाट आहे का, जिच्याकडे हे जात नाहीत आणि जी टाकूनही देत नाहीत?

वहिनींचा महिन्याभराने फोन आला, यावेळी खरंच चौकशीचा. मी नळाचं विचारलं. वायसर अजून बदललेलं नाही म्हणाल्या. आणून ठेवलंय, बसवत नाहीत. रात्रभर टपटप चालते, आणि आता ती ऐकू येते, कारण टीव्ही बंद असतो.